माठाशेजारची जागा

मुलुंड
रविवार, १२ जानेवारी १९८६

ताई,

अक्षर ओळखलंस ना? साडेतीन वर्षांत बहिणीला एक ओळ लिहिली नाही, आणि आता एकदम पाकीट. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण आधी पत्र पुरं वाच.

तुझा पत्ता मला असा मिळाला. मी आता इथल्या एका पाण्याच्या कंपनीत लागले आहे. हसू नकोस, खरंच पाण्याची कंपनी. पाणी गाळतात, प्लास्टिकच्या बाटलीत भरतात, वर सील मारतात आणि विकतात. मोठ्या हॉटेलांत पाहुणे लोक ते विकत घेऊन पितात. आमच्या टेम्पोवर भीमराज म्हणून ड्रायव्हर आहे. तो परवा बोलता बोलता म्हणाला, गोवंडीला माझ्या शेजारी डेपोतला फिटर राहतो, रतन नावाचा, बायको कोकणातली आहे. मी कान टवकारले. तू माझी शाळेतली मैत्रीण आहेस असं सांगून मी पत्ता काढून घेतला. जास्त चौकशा नकोत म्हणून.

माझं काम म्हणजे पांढऱ्या दिव्यासमोर बसून एकेक बाटली उलटी धरायची आणि आत कचरा दिसतो का बघायचं. दिवसाला हजारो. घरी आले की आईच्या हातातला पेलासुद्धा मी उजेडाकडे धरते. आई म्हणते, हिला वेड लागलं.

बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. परळची खोली विकून आम्ही मुलुंडला आलो हे तुला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल. तू गेल्यावर तिथे तोंड दाखवायला नको, हेही एक कारण होतंच. बाबा दिवसभर गॅलरीत बसून खोकतात. तुझं नाव काढत नाहीत. पण आईने चुकून तुझा जुना गुलाबी फ्रॉक पायपुसणं म्हणून टाकला, तर बाबांनी उचलून, घडी घालून पेटीत ठेवला. मी बघितलं, मी बघितलेलं त्यांनीही बघितलं.

भीमराजबरोबर एक बाटली पाठवते आहे. पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाक, घरी नको.

तुझी नलू


गोवंडी
२० जानेवारी १९८६

नलू,

तुझं पत्र वाचून मी इतकी रडले की रतन कामावरून आला तो दारातच थबकला. त्याला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही रे, परत आलं.

भीमराज म्हणाला, 'तुम्ही एका शाळेत होता का?' मी हो म्हटलं. खोटं कुठे आहे, होतोच की.

तुला भाची आहे, लता. तीन वर्षांची होईल. तुझी बाटली तिनेच उघडली. एक घोट घेतला आणि म्हणाली, 'हे तर पाणी आहे.' तिला वाटलं होतं, एवढी नटवून आणली म्हणजे सरबत असणार. रतन पोट धरून हसला. आमच्याकडे पहाटे नळाला रांग असते. आणलेलं पाणी मी दुहेरी फडक्यातून गाळते, उकळते, निववते आणि मग माठात भरते. माठ कोपऱ्यात वाळूवर ठेवलेला. त्याच्यापेक्षा तुझ्या बाटलीतलं काही निराळं लागलं नाही, राग मानू नकोस.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी निघाले तेव्हा बाबा काय म्हणाले होते, आठवतं? 'तुझ्या दारात येऊन पाण्याचा घोट घेणार नाही.' हाच शब्द. जेवणार नाही म्हणाले नाहीत, बसणार नाही म्हणाले नाहीत. पाणी म्हणाले. मग नलू, सीलबंद बाटलीतल्या पाण्याला आमचा हात कुठे लागतो? तिकडे कंपनीत भरलं, इकडे त्यांच्यासमोर सील तोडलं. त्यांचा शब्दही राहील आणि माझ्या घरी ते पाणी पितीलही.

माझं डोकं फिरलंय असं वाटतं का गं तुला? बाबांना विचारून बघ. सरळ नको, आडून विचार.

मालन


मुलुंड
९ फेब्रुवारी १९८६

ताई,

विचारलं. आडून वगैरे मला जमत नाही, तुला माहीत आहे. जेवताना सरळ म्हटलं, 'बाबा, आमच्या बाटलीतलं पाणी कुणाच्याही घरी प्यायलं तर विटाळ लागत नाही ना?' आईचा हात भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. काहीच बोलले नाहीत. बाबा नाही म्हणतात तेव्हा सगळ्या मजल्याला ऐकू येतं. म्हणजे हे नाही नव्हतं, ताई!

त्यांना आता छातीच्या फोटोसाठी दर तीन महिन्यांनी इस्पितळात बोलावतात. ते तुझ्याच बाजूला, चेंबूरला. तिथून तू किती लांब, हे मी त्यांना सहज म्हणून ऐकवलं आहे. तुझा पत्ता लिहून चष्म्याच्या घरात सरकवला आहे.

भीमराजबरोबर दुसरी बाटली पाठवते. ही उघडायची नाही. लताला सांग, ही आजोबांची.

नलू


गोवंडी
१६ मार्च १९८६

नलू,

बाटली मिळाली. लताला सांगितलं, आजोबांची. ती आता रोज सकाळी विचारते, आले का आजोबा? शेजारच्या बायका बघून गेल्या. एकीने तर हात जोडले, देवाचं तीर्थ समजून.

सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे, पत्र्याच्या भिंतीला लागून, लताचा हात पोचणार नाही अशी. खाली स्टो आणि रॉकेलचा डबा, त्यामुळे तिथे ती चढायला जात नाही. वर मी विणलेला रुमाल घातला आहे. संध्याकाळी फटीतून ऊन येतं आणि बाटली अशी लखलखते की खोलीत दुसरीकडे लक्षच जात नाही.

एक सांगते, लपवत नाही. रतनला हे आवडलेलं नाही. तो ओरडणारा माणूस नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवून हात धुताना म्हणाला, 'माझ्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. आता माझ्याच घरात माझा हात न लागलेलं पाणी वेगळं ठेवायचं, आणि तेही माझ्या बायकोने?' मी म्हटलं, एकदाच रे, एकदा ते येऊन जाऊ देत. तो म्हणाला, 'ठेव.' त्यानंतर त्या फळीवरची काडेपेटीसुद्धा तो स्वतः काढत नाही, मला मागतो.

मी चुकते आहे, मला कळतं. पण बाबा खोकतात असं तू लिहितेस, आणि मला दुसरं काही सुचत नाही.

मालन


मुलुंड
६ एप्रिल १९८६

ताई,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. अगं बये, उन्हात काय ठेवलीस! आणि रॉकेलच्या डोक्यावर!

सील मारलं म्हणजे झालं असं तुम्हाला बाहेरून वाटतं. आमचे नंदकुमार साहेब, जे पाणी तपासतात, ते सारखे ओरडत असतात. पाणी आपण चांगलंच भरतो, ते बिघडतं ठेवण्यात, म्हणतात. उन्हात राहिली की बाटलीला प्लास्टिकचा वास सुटतो आणि तो पाण्यात उतरतो. फार दिवस उजेडात राहिलं तर पाण्यात शेवाळासारखी हिरवट तार धरते. आणि प्लास्टिक शेजारचा वासही ओढून घेतं. एका दुकानदाराने साबणाच्या खोक्यांशेजारी आमचा माल रचला होता, सगळं पाणी साबणाचं लागायला लागलं. सील तसंच्या तसं. गोदामात बोर्डच लावला आहे: सावलीत ठेवा, गार ठेवा, जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका.

तेव्हा आजच्या आज ती खाली काढ. गार, अंधाऱ्या जागी ठेव, रॉकेलपासून लांब. मी जमेल तेव्हा दुसरी पाठवतेच. हल्ली गेटवर पिशव्या तपासतात, म्हणून जरा दम धर.

आणखी एक. मला बघायला लोक येऊन गेले. माणसं भांडुपची आहेत, मुलगा बँकेत शिपाई आहे. बघू. बाबा मे महिन्यात पुन्हा चेंबूरला जातील.

नलू


गोवंडी
बुधवार, १४ मे १९८६

नलू,

काल बाबा येऊन गेले.

दुपारी दीडचा सुमार. रतन ड्यूटीवर होता. मी लताला भरवत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर बाबा, हातात इस्पितळाचं मोठं पाकीट, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. किती वाळलेत गं! तू खोकतात एवढंच लिहिलंस. मला ते ओळखूच आले नसते, पण उंबऱ्याशी चप्पल काढून ती उलटी टेकवून ठेवायची सवय, ती तेवढी तीच.

मी पाया पडले. त्यांनी हात डोक्यावर ठेवला की हवेतच राहिला, मला कळलं नाही. खाटेवर बसले. सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, 'तान लागली गे. वायच पाणी हाड.'

नलू, साडेतीन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. आणि मी फळीकडे वळायच्या आत लता उठली. घरात कुणी आलं की पाणी द्यायचं हे मीच तिला शिकवलं आहे. तिने माठातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत, आजोबांच्या पुढे केला. आता हे उठून जाणार, असं वाटलं. मी झेप घेऊन पेला तिच्या हातातून ओढून घेतला. म्हटलं, 'ते नको बाबा, ते आमचं. तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय.' लता रडायला लागली.

मी बाटली काढली. त्यांच्यासमोर सील तोडलं, मुद्दाम दाखवून. झाकण निघताच मला वास आला. मी मनात म्हटलं, स्टोचा असेल, आपल्या नाकातच बसलाय. धुतलेल्या पेल्यात ओतून दिलं. त्यांनी एक घोट घेतला. तोंडात धरला. मग उठले, बाहेर गेले आणि गटारात थुंकले.

आत आले ते पाकीट घ्यायला. लताच्या गालावरून हात फिरवला. माझ्याकडे बघून 'येतंय' म्हणाले आणि गेले. मी मागे धावले नाही.

नंतर मी स्वतः प्यायले. रॉकेल, नलू. रॉकेल आणि जळक्या प्लास्टिकचा वास. तळाला हिरवं काहीतरी.

तू लिहिलं होतंस, गार जागी ठेव, रॉकेलपासून लांब ठेव. दहा बाय बाराच्या खोलीत रॉकेलपासून लांब म्हणजे रस्त्यावर. खोलीत गार अशी एकच जागा आहे, माठाशेजारची. तिथली वाळू मी रोज भिजवते. तुझं पत्र आलं त्या दिवशी बाटली तिथे नेलीही होती. मग वाटलं, बाबा आले आणि त्यांना आमच्या माठाला टेकलेली बाटली दिसली तर? पुन्हा वर नेऊन ठेवली.

ते घरी काय म्हणाले ते कळव. जसं असेल तसं कळव.

मालन


मुलुंड
१९ मे १९८६

ताई,

घरी काही म्हणाले नाहीत. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. फोटोत छाती बरी दिसत नाही, डॉक्टरांनी आईला बोलावून सांगितलं. महिना म्हणाले, कमीही असेल.

मला तुझ्याशी खरं बोलायचं आहे. तू फळीला दोष देशील, रॉकेलला देशील, स्वतःला देशील. थोडा मलाही दे.

ती बाटली गोदामातली नव्हती. बाजारातून परत आलेल्या मालातली होती. एका दुकानदाराने दारात उन्हात महिनाभर मांडून ठेवलेला तो माल. आमच्याकडे मागच्या अंगणात पत्र्याखाली पडला होता, पाणी ओतून देण्यासाठी. त्यातली बाटली कामगाराने नेली तर कुणी विचारत नाही. मी दिव्यासमोर धरून सगळ्यात स्वच्छ दिसणारी निवडली. कचरा दिसतो गं उजेडात, वास कुठे दिसतो.

चांगली बाटली मागता आली असती. नंदकुमार साहेब देतात. पण वहीत लिहावं लागतं, कुणासाठी आणि नातं काय. इथे मी सांगितलं आहे की मी एकुलती एक. नोकरी लागली तेव्हा सांगितलं, मग भांडुपच्या लोकांनी चौकशी केली तेव्हाही तेच. एकदा सांगितलं की फिरवता येत नाही. आणि दुसरी पाठवते म्हणाले तीही याचसाठी पाठवली नाही. गेटवरची तपासणी वगैरे खोटं होतं.

मला काय वाटेल ते बोल.

नलू


गोवंडी
२३ मे १९८६

नलिनी,

पत्र पोचलं. मला काही बोलायचं नाही. रतनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तिला लिही की बाटली मी फेकून दिली आहे, तेवढंच लिही. म्हणून लिहिते.

बाबांना सांभाळ.

मालन


मुलुंड
मंगळवार, २७ मे १९८६

ताई,

हे पत्र मिळेल तशी ये. बाकीचं राहू दे.

काल मी बाबांना चमच्याने पाणी पाजत होते. कंपनीचं, या वेळेस चांगल्यातलं, वहीत वडिलांसाठी असं लिहून आणलेलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, बाबा, हे चांगलं आहे, वास नाही. तर हळूहळू बोलायला लागले. एकेका शब्दाला दम लागत होता. जसं बोलले तसं लिहिते.

'चेडू पेलो घेऊन इला. माझो हात फुडे होतो गे. मालनीनच पेलो काढून घेतल्यान. माका वाटला, घरचा पाणी माका देऊचा तिच्याच मनात नाय.'

मी विचारलं, म्हणजे तुम्ही माठातलं प्यायला असता? ते म्हणाले, 'तेच्यासाठीच गेललंय मगे. मरूच्या आधी तितक्या एक.' आणि मग मला विचारलं, त्या बाटलीत काय होतं? मी त्यांचे पाय चेपत बसले.

माठातलं पाणी घेऊन ये. घरचा पत्ता मागे लिहिला आहे. लतालाही आण. दुपारी एक ते तीनमध्ये ये, त्या वेळेला आमच्याकडे कुणी येत जात नाही. लवकर ये.

नलू


गोवंडी
२ जून १९८६

नलिनी,

तुझं पत्र शुक्रवारी सकाळी अकराला हातात पडलं. वाचल्यावर मी ओरडले असणार, कारण शेजारणी धावत आल्या. बाबांचा हात पुढे होता. माझं सगळं लक्ष पेल्यात, हाताकडे मी बघितलंच नाही. माझ्या बापाचा हात मला दिसला नाही, नलू. आता मरेपर्यंत दुसरं काही दिसणार नाही.

लताला शेजारी ठेवलं. पितळेचा तांब्या चिंचेने घासला, माठातलं पाणी भरलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं. दोन बस बदलल्या. सांडू नये म्हणून सबंध रस्ता उभी राहिले, बसायला जागा असून. कंडक्टर म्हणाला, 'बाई, काय तीर्थ का?' मी हो म्हटलं.

दीड वाजता तुमच्या गॅलरीत पोचले. बाहेर चपलांचा ढीग बघूनच कळलं. बाबांना खाली मधोमध झोपवलं होतं. आईचा आवाज आतून येत होता, तिने मला बघितलं नाही. माणसं एकेक पुढे होऊन त्यांच्या तोंडात पाणी घालत होती. मीही तांब्याचं फडकं सोडलं.

दाराशीच तू बसली होतीस. तुझ्या शेजारी हिरव्या लुगड्यातल्या बाई होत्या, तुझा हात हातात घेऊन. त्याच भांडुपच्या असणार. तू माझ्याकडे बघितलंस. मग तांब्याकडे बघितलंस. त्या बाईंनी तुला विचारलं, 'कोण गं ह्या?' मी तीन हातांवर होते, मला सगळं ऐकू आलं.

तू म्हणालीस, 'गोवंडीच्या ओळखीच्या आहेत.'

त्यानंतर मी आत कशी येणार होते? ओळखीची बाई परक्याच्या तोंडात पाणी घालत नाही. मी फडकं परत बांधलं आणि जिना उतरले. तू हाक मारशील म्हणून खालच्या पायरीवर थांबलेही होते. वरून त्यांना उचलल्याचा आवाज आला, तेव्हा निघाले.

पाणी रस्त्यात ओतवेना. तसंच परत आणलं. दिवसभर माझ्या हातात होतं, उन्हात होतं, तरी गार होतं आणि त्याला कसलाही वास नव्हता. रतनने तांब्या माझ्या हातातून घेतला आणि माठात ओतला. लताने विचारलं, 'आजोबा पाणी प्यायले?' मी नाही म्हटलं. तिला यापुढे मी खोटं सांगणार नाही.

तुझं लग्न होईल, चांगलं होवो. मला पत्र लिहू नकोस. तुला बहीण नाही आणि आता मलाही कुणी नाही. भीमराजने विचारलं, मैत्रिणीकडे काय झालं, तर त्याला मी सांगितलं की तिचे वडील गेले.

मालन